एक तारखेची शांतता

गेल्या वर्षभरापासून मी फोनवर स्पॅनिश शिकते आहे. त्यामागे काही थोर कारण नाही. ऑफिसात एक नवीन प्रोजेक्ट येणार होता, ग्राहक मेक्सिकोचे होते आणि स्पॅनिश येणाऱ्यांना वरचे पैसे मिळतील अशी कुजबुज होती. प्रोजेक्ट आला नाही, वरचे पैसेही आले नाहीत, सवय मात्र राहिली. सकाळी अजनी चौकातून मेट्रोत बसायचं आणि खापरी येईपर्यंत दोन धडे संपवायचे.

एक दिवस धड्यात नवीन क्रियापद आलं: पागार. खाली हॉटेलात बिल देणाऱ्या माणसाचं चित्र होतं. 'यो पागो' म्हणजे मी पैसे देते. मी फोनकडे बघून मोठ्याने हसले, शेजारच्या काकूंनी वळून पाहिलं. त्यांना काय सांगणार? की अहो काकू, या लोकांकडे आपला पगार आहे, फक्त उलटा आहे. आपल्याकडे पगार मिळतो, नागपुरात तर 'भेटतो'. त्यांच्याकडे तो द्यायचा असतो.

एरवी मी एवढ्यावर हसून पुढचा धडा उघडला असता. पण त्याच आठवड्यात आमच्या घरी मावशींचा शेवटचा पगार झाला होता, आणि तो नीट झाला नाही असं मला आतून वाटत होतं. का वाटत होतं ते सांगता येत नव्हतं. मग हा शब्द हातात आला आणि मी त्याच्या मागे लागले.

*

आधी शब्दाची गोष्ट सांगते.

पगार आपल्याकडे स्पेनमधून नाही, पोर्तुगालकडून आला. दोन्ही भाषांत क्रियापद तेच आहे, कारण दोघींची आई एकच, लॅटिन. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं. पुढे चौल, वसई इथे त्यांचे किल्ले आणि चर्च उभे राहिले. वसई तर 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत दोनशे वर्षं त्यांच्याकडे होती. एवढा काळ माणसं शेजारी राहिली की शब्दांची देवघेव होतेच. पाव त्यांच्याकडून आला, बटाटा आला, चावी आली, तुरुंगही आला. बांधकामावरची बाई डोक्यावर घेते ते घमेलंसुद्धा मूळचं पोर्तुगीज. गोव्यातल्या आसगावचे सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी 1913 मध्ये आशियाई भाषांत शिरलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांवर मोठा कोशग्रंथच प्रसिद्ध केला.

पोर्तुगिजांच्या तोंडी पागार हे क्रियापद होतं, आपण त्याचं नाम केलं. मी कल्पना करते की कुठल्यातरी धक्क्यावर मुकादम हा शब्द उच्चारतो आहे आणि समोर रांगेत उभा असलेला माणूस तो ऐकतो आहे. बोलणाऱ्यासाठी ती करायची गोष्ट होती, ऐकणाऱ्यासाठी हातात पडायची. मराठीत शब्द आला तो ऐकणाऱ्याच्या बाजूने.

आता आणखी मागे जाऊ. पागारच्या मागे लॅटिनमधलं 'पाकारे' आहे. मधला 'क' मऊ होऊन 'ग' झाला. आपल्याकडेही संस्कृतातल्या 'शाक'चं हिंदीत 'साग' होतं, तसंच. फ्रेंचमध्ये तर तो 'ग'ही झिजून गेला, आणि फ्रेंचमधून शब्द इंग्रजीत पोचला तेव्हा उरलं फक्त 'पे'. म्हणजे गूगल पे, फोनपे यांच्या शेपटीला आहे तो 'पे' आणि आपला पगार सख्खे चुलतभाऊ आहेत.

आणि पाकारेचा अर्थ? शांत करणं. ते आलं 'पाक्स' या शब्दावरून, म्हणजे शांतता. इंग्रजीतला पीस त्याचाच. समजूत घालणं या अर्थाचा अपीज आणि शांत करणं या अर्थाचा पॅसिफाय त्याचेच. करार या अर्थाचा पॅक्ट त्याच कुळातला. 1520 मध्ये मॅगेलन एका नव्या समुद्रात शिरला, तो त्याला शांत वाटला, म्हणून त्याचं नाव पॅसिफिक पडलं. तोही याच घराण्यातला.

शांत करण्याचं पैसे देणं कसं झालं? मध्ययुगात कधीतरी. ज्याचं आपण देणं लागतो तो माणूस दाराशी उभा आहे, त्याचा आवाज चढला आहे. त्याला त्याचं देऊन टाकलं की तो शांत होतो. देणं देणं म्हणजे शांत करणं. इंग्रजीतसुद्धा सुरुवातीला 'पे'चा एक अर्थ संतुष्ट करणं असाच होता.

पण पाकारेला त्याहून जुना, कडक अर्थही आहे. रोमन सैन्य एखादा प्रदेश जिंकायचं, तिथल्या टोळ्यांना गुडघ्यावर आणायचं, आणि मग तो प्रदेश 'शांत केला' असं लिहिलं जायचं. ज्युलियस सीझरने आपल्या गॉलच्या मोहिमेच्या वृत्तांतात हाच शब्द वापरला आहे. म्हणजे या एका शब्दात दोन शांतता आहेत. हक्काचं मिळाल्यावर माणूस शांत होतो ती एक, आणि बोलायची सोय उरली नाही म्हणून गप्प बसतो ती दुसरी.

बाहेरून बघितलं तर दोन्ही सारख्याच दिसतात. माझा प्रश्न तिथून सुरू झाला.

*

मावशी आमच्याकडे मी पाचवीत असल्यापासून. भांडी, झाडू-पोछा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला तरी दुपारी दोनला त्या यायच्या, कूलरसमोर दोन मिनिटं पदर धरून उभ्या राहायच्या आणि मग भांड्यांना लागायच्या. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये त्या दोन महिने येऊ शकल्या नाहीत. आईने दोन्ही महिन्यांचा पगार दिला. आमच्या गल्लीत तसं करणारी ती एकटी नव्हती, पण फार जणीही नव्हत्या. माझी आई चांगली बाई आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुमचं मत बदलू शकतं.

नंतर मावशींच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि एकदम पैसे भरायची वेळ आली. आईने 25,000 रुपये दिले. बिनव्याजी. कागद नाही, सही नाही. ठरलं एवढंच की महिन्याला 500 पगारातून कापायचे. मावशींचा पगार तेव्हा 1,800 होता. दर एक तारखेला त्यांच्या हातात 1,300 पडायला लागले. पन्नास महिन्यांचा मामला.

त्या पन्नास महिन्यांत पगार 1,800 च राहिला. कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. विषय निघायचाच नाही. मावशी वाढ मागायच्या नाहीत, कारण ज्यांनी अडीला 25,000 दिले त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने मागायचं? आई स्वतःहून द्यायची नाही, कारण आपण एवढं केलंय ना. मधल्या काळात समोरच्या प्लॉटवर अपार्टमेंट झालं. तिथे तेवढ्याच कामाचे 2,500 देत होते. मावशींना तिथलं बोलावणं आलं होतं, हे मला खूप नंतर कळलं. त्या गेल्या नाहीत. दुपारची वेळ तीच होती आणि आमचे पैसे फिटायचे होते.

पोळ्याच्या आठवड्यात पन्नासावा हप्ता कापला गेला. मावशींनी तेराशे रुपये मोजून कमरेला खोचले आणि म्हणाल्या, "फिटले ना ताई सगळे? मंग मी उद्यापासून नाई येत. समोर काम धरलं." आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. आई दिवसभर गप्प होती. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "एवढं करून शेवटी काय?"

मला तेव्हा आईचं वाईट वाटलं होतं. रात्री झोप येईना म्हणून फोनमधलं कॅल्क्युलेटर उघडलं. समोरचे 2,500, आमचे 1,800, फरक 700. अपार्टमेंट नवीन होतं, म्हणून पन्नास महिने धरले नाहीत, शेवटची तीनच वर्षं धरली. छत्तीस गुणिले सातशे.

25,200.

आम्ही दिलेले पंचवीस हजार मावशींनी दोनदा फेडले होते. एकदा वहीत, एकदा वहीबाहेर. आणि आम्ही मात्र बिनव्याजी दिल्याच्या समाधानात होतो.

*

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मी स्वतःच घेतला. शब्द कुठून आला यावरून तो आज काय सांगतो हे ठरत नाही. 'नोकर' या शब्दाचं मूळ मंगोल भाषेत आहे. तिथे त्याचा अर्थ साथीदार, सोबती. चंगीझ खानाचे विश्वासू सोबती त्याचे नोकर होते. म्हणून आपल्याकडे नोकराला साथीदारासारखं वागवतात का? शब्दाचं मूळ हा पुरावा नसतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममधून माझ्या घरातल्या वहीचा न्याय होणार नाही.

मान्य. तरी जुन्या अर्थाचा एक उपयोग असतो. रोज बघून गुळगुळीत झालेली गोष्ट तो थोडी तिरकी धरून दाखवतो. मला पगारात जी गोष्ट कधी दिसली नव्हती ती अशी दिसली.

शांत कोणाला करायचं असतं? ज्याला रागवायचा हक्क आहे त्याला. म्हणजे ज्याचं आपण लागतो त्याला. पगार हा शब्द काम करणाऱ्याला सावकाराच्या जागी उभा करतो आणि काम करून घेणाऱ्याला कर्जदाराच्या.

नीट विचार केला तर हे शब्दातच नाही, व्यवहारातही खरं आहे. महिन्याचा पगार महिना संपल्यावर मिळतो. म्हणजे तीस दिवस मावशी आमच्याकडे उधारीवर काम करत होत्या. एक तारखेच्या कामाचे पैसे त्यांना पुढच्या एक तारखेला मिळायचे. किराणा दुकानात आपण महिन्याचा हिशोब लिहायला सांगतो तेव्हा दुकानदार आपल्यावर विश्वास टाकतो हे आपल्याला कळतं. मावशी दर महिन्याला आमच्यावर तेवढाच विश्वास टाकत होत्या, व्याज न लावता. वहीत मात्र एकच उधारी लिहिलेली होती, आमची त्यांच्याकडे असलेली.

माझ्या स्वतःच्या बाबतीत मला हे बरोबर कळत होतं. कॉलेज संपल्यावर मी एका कंपनीत इंटर्न होते. स्टायपेंड चाळीस दिवस उशिरा आला. त्या चाळीस दिवसांत मी किती चिडचिड केली! मैत्रिणींच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकले, विनम्र आठवण करून देणारे तीन मेल लिहिले आणि तिन्हींत विनम्रपणा कमी कमी होत गेला. पैसे आले आणि मी शांत झाले. अगदी लॅटिन अर्थाने. कारण मला माहीत होतं की ते माझे आहेत. मावशींना ते माहीत नसेल असं नाही. पण ते बोलायची जागा आम्ही पंचवीस हजार देऊन बंद केली होती. मला मिळाली ती पहिली शांतता. मावशींकडे होती ती दुसरी.

*

पगार आणि उपकार यांच्यातला हा झगडा माझ्या घरात सुरू झाला नाही.

गावगाड्यात काम करणाऱ्याला पगार नव्हता, बलुतं होतं. सुगीच्या वेळी खळ्यावर जायचं आणि शेतकरी देईल ते धान्य घ्यायचं. सुताराचं, लोहाराचं काम निदान मोजता तरी यायचं. वतनदार महाराचं काम मोजण्यापलीकडचं होतं. रात्री-बेरात्री निरोप पोचवणं, सरकारी माणसाच्या मागे-पुढे धावणं, मेलेलं जनावर ओढणं. त्याच्या बदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुतं. कामाला सुरुवात-शेवट नाही आणि मोबदला मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. त्यातला एक मुद्दा बलुत्याच्या जागी रोख मोबदला ठरवण्याचा होता. ते तेव्हा मंजूर झालं नाही. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा 1958 सालचा आहे.

लहानपणी मला वाटायचं, धान्य काय आणि पैसे काय, पोट भरल्याशी मतलब. आता त्यातला फरक कळतो. खळ्यावरून आणलेलं धान्य देणाऱ्याचं नाव लागूनच घरी येतं. नोटेला नाव नसतं. ती मोजून घेता येते, आणि मोजून घेतलेली गोष्ट कमी पडली तर कमी पडली असं म्हणता येतं.

नागपुरात हा फरक मोठ्या प्रमाणावर पोचला तो गिरणीच्या भोंग्यासोबत. 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. नाव त्यावरूनच पडलं. हातमागावर बसणारे कोष्टी, जाडंभरडं कापड विणणारे महार गिरणीत गेले. 1886 मध्ये तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला, तेव्हाच्या मानाने ही मोठी गोष्ट होती. गिरणीतलं आयुष्य सुखाचं होतं असं कोणी म्हणणार नाही. धूर, कापसाचे तंतू, यंत्राच्या वेगाने पळणारे हात. तरी ज्याच्या आज्याने खळ्यावर हात पसरला होता त्याला महिन्याच्या महिन्याला मोजून मिळणारी रक्कम काय वाटली असेल, हे मला त्या जागेवर उभ्या असलेल्या मॉलसमोरून जाताना नेहमी आठवतं.

दुसरीकडे पोळा. बैलाला पगार नसतो, त्याला पोळा असतो. वर्षभर ओढायचं आणि एक दिवस झूल, बाशिंग, पुरणपोळी. यात प्रेम नसतं असं नाही. माझ्या मामाच्या डोळ्यांत बैलाला ओवाळताना पाणी यायचं, मी पाहिलंय. पण बैल विचारू शकत नाही की बाकीच्या 364 दिवसांचं काय. आम्ही मावशींना दर दिवाळीला साडी द्यायचो. चांगल्यातली. आई स्वतः महालातल्या दुकानात जाऊन आणायची. त्या साडीतही प्रेम होतं. आणि तीसुद्धा पोळाच होती.

*

"पण तिने स्वतःच कबूल केलं होतं ना," आई म्हणाली, जेव्हा मी तिला 25,200 चा आकडा दाखवला. "आपण बांधून ठेवलं होतं का? जायचं तर जाता आलं असतं."

ही साधी गोष्ट नाही. आपल्या देशाचा कायदा या प्रश्नाशी झटलेला आहे. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याच्या केंद्रस्थानी नेमकी हीच गोष्ट आहे: दिलेली उचल आणि तिच्यापायी अडकलेलं माणूस. दोरी नाही, कुलूप नाही, फक्त आगाऊ दिलेले पैसे. पुढे 1982 मध्ये, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम 23 चा अर्थ लावताना म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत केलेलं काम हे सक्तीचं काम आहे, कारण गरज हीसुद्धा सक्तीच असते. माणूस 'स्वतःहून' कबूल झाला एवढ्याने ती संपत नाही.

आमचं घर त्या कायद्यात बसत होतं असं मी म्हणत नाही. आई कोणाला वेठीला धरणारी बाई नाही. पण मोठ्या अन्यायाचा साचा छोट्या, मायाळू आकारात आपल्या स्वयंपाकघरात असू शकतो, आणि तो माया असल्यामुळेच दिसत नाही, एवढं मला म्हणायचं आहे.

मराठीत कर्ज देत नाहीत, कर्ज फेडतात. फेडणं म्हणजे सोडवणं, उलगडणं. नेसलेलं लुगडं फेडतात, नवस फेडतात, पांग फेडतात. संशय फिटतो, भ्रम फिटतो. म्हणजे आपल्या भाषेने देण्याकडे गाठ म्हणून पाहिलं. गंमत अशी की लॅटिनमध्येही पाकारेच्या जोडीला दुसरं एक क्रियापद होतं, 'सोल्वेरे'. अर्थ, सैल करणं, सोडवणं, आणि कर्ज फेडणं. इंग्रजीतलं सॉल्व्ह त्यातूनच आलं, आणि बँकेच्या भाषेत देणी फेडू शकणाऱ्याला सॉल्व्हंट म्हणतात तेही. आपल्या फेडण्याचा हा परदेशी जुळा.

आणि शब्दकोश चाळताना सापडलेली शेवटची गोष्ट. ज्या मुळावरून पाक्स आला, ते मूळ बांधणं, घट्ट करणं या अर्थाचं आहे असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. दोन बाजूंना करारात बांधलं की शांतता. त्याच मुळावरून संस्कृतात जो शब्द आला तो आपल्या रोजच्या ओळखीचा आहे: पाश.

पगार आणि पाश दूरचे नातेवाईक आहेत. हे वाचलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवला. आमच्या वहीत दोघं एकाच पानावर होते.

*

या सगळ्यातून मला जे कळलं ते असं. पगार देणं योग्य झालं का, याची परीक्षा देणाऱ्याच्या मनाला किती बरं वाटलं यावर होत नाही. घेणाऱ्याला त्यानंतर बोलायला, घासाघीस करायला, नको म्हणायला, निघून जायला जास्त मोकळीक आहे की कमी, यावर होते. पैसे हातात पडल्यावर गाठ सुटली तर ती फेड. घट्ट झाली तर रक्कम कितीही मोठी असो, पगार झाला नाही.

हे लिहायला सोपं आहे. आईशी याबद्दल आमचे चार दिवस वाद झाले. तिचं म्हणणं, आता पैसे घेऊन गेलो तर मावशींचा अपमान होईल, त्यांनी मानाने सगळं फेडलंय. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. वडील म्हणाले, विचारून तर बघ.

रविवारी मी गेले. मावशींचं घर इंदोऱ्याकडे, दोन खोल्या. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली मुलीचं नर्सिंगच्या पांढऱ्या कपड्यातलं छायाचित्र. मुलगी घरीच होती, तिने चहा केला. मी जरा अडखळत सगळा हिशोब सांगितला. छत्तीस महिने, सातशे रुपये. आणि म्हणाले की एकदम देणं जमणार नाही, माझ्या पगारातून महिन्याला 2,100 प्रमाणे बारा महिने देईन.

मावशींनी विचारलं, "ताईनं पाठवले का?"

"नाही. माझे."

"मंग बक्षीस होय का हे?"

"नाही मावशी. तुमचा राहिलेला पगार आहे."

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मग म्हणाल्या, "बरोबर हाये हिशोब. माह्या पगाराचेच असन तं घेतो. बक्षीस नसतं घेतलं."

परतताना मला अंगुत्तर निकायातली एक गोष्ट आठवत होती. अनाथपिंडिक नावाच्या श्रीमंत गृहस्थाला बुद्ध चार सुखं सांगतात. संपत्ती असण्याचं सुख, ती उपभोगण्याचं सुख, ऋण नसण्याचं सुख आणि निर्दोष असण्याचं सुख. आणि पहिली तिन्ही मिळूनही चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढी भरत नाहीत असं म्हणतात. मावशी शेवटचे तेराशे घेऊन आमच्या दारातून बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्याकडे तिसरं होतं आणि चौथंही होतं. आमच्याकडे पहिली दोन होती, आणि आपल्याकडे चारही आहेत अशी समजूत.

आईला मी काय झालं ते सांगितलं. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आता ज्या नवीन ताई येतात, त्यांना तिने विचारलं की समोर किती देतात. आणि तेवढे ठरवले.

हप्त्यांचं चाललं आहे. पाच गेले, सात राहिले. चौथा हप्ता विसरले होते, चार तारीख झाली. दुपारी मी ऑफिसात असताना मावशींचा फोन आला. मी माफी मागायला लागले तर मधेच तोडून म्हणाल्या, "एक तारखेला टाकत जाजो, बेटा. लोकाच्या पैशाला उशीर नाई करू."

मी लगेच पैसे पाठवले. आवाजात चीड होती, आणि ती ऐकून मला बरं वाटलं.